सरांचे पेठचे रविवार: वही माझ्याकडे आहे, माणसं हवीत

लसावि
५ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे आणि शेवटी एक विनंती आहे, तेव्हा थोडा वेळ काढून वाचा.

आमचे गणिताचे सर. नाशिकला कॉलेज रोडच्या बाजूला एका कॉलेजात आयुष्यभर शिकवलं, निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, त्यांना आवडायचं नाही. ज्यांनी त्यांच्या हाताखाली बीएस्सी केलं ते पुढच्या चार ओळींत ओळखतीलच.

एसवायचं, म्हणजे बीएस्सीचं दुसरं वर्ष. रिअल ॲनालिसिसचा पहिलाच आठवडा. फळ्यावर संतत फलनाची (न तुटणाऱ्या फंक्शनची) एप्सिलॉन-डेल्टा व्याख्या होती आणि आम्ही सगळे माना खाली घालून ती उतरवून घेत होतो. सरांनी खडू ठेवला. "कुणाचे वडील सातपूरला नाहीतर अंबडला कंपनीत आहेत?" निम्म्या वर्गाचे हात वर गेले, त्यात माझाही.

"काय काम करतात?"

"टर्नर आहेत, सर."

"गिऱ्हाईक ड्रॉइंगवर काय लिहून देतं?"

हे मला ठाऊक होतं. बाबा घरी जेवताना दुसरं बोलायचेच नाहीत. "पंचवीस एमएम, प्लस-मायनस पॉइंट झिरो फाइव्ह."

"हा प्लस-मायनस म्हणजे एप्सिलॉन. तो गिऱ्हाईक ठरवतं, त्यात आपलं काही चालत नाही. मग हत्यार कुठे बसवायचं, त्यात किती इकडेतिकडे झालेलं चालेल, हे कोण ठरवतं?"

"बाबा."

"तो डेल्टा. गिऱ्हाइकाने कितीही कडक माप मागू दे, बाबांना सेटिंग सापडतंच. असं असेल तर फलन तिथे संतत आहे."

मग म्हणाले, जिथे सेटिंग सापडतच नाही अशी जागा सांगा. कुणालाच सुचेना. त्यांनी खिशातून एसटीचं तिकीट काढलं. एसटीचं भाडं टप्प्यावर असतं, सहा किलोमीटरचा एक टप्पा. टप्प्याच्या हद्दीच्या पुढे एक पाऊल पडलं की भाडं एकदम उडी मारतं. 'मला भाड्यात रुपयाचासुद्धा फरक नको' असं कुणी त्या हद्दीवर उभं राहून म्हणालं, तर तुम्ही पाऊल कितीही लहान करा, त्याचं समाधान होणार नाही. ते फलन तिथे खंडित.

मी संध्याकाळी हे सगळं बाबांना सांगितलं. ते कपड्याने व्हर्निअर पुसत बसले होते. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे तुमच्या पुस्तकात मी आहे?" त्या दिवसानंतर माझ्या पुस्तकांसाठी त्यांनी कधी किंमत विचारली नाही.

सरांची आणखी एक सवय सांगते. वर्गात आल्या आल्या ते फळ्याच्या उजव्या बाजूला एक उभी रेघ मारायचे. रेघेपलीकडचा भाग पोरांच्या प्रयत्नांसाठी. तिथे कुणी चुकीचं काही लिहिलं तर ते तास संपेपर्यंत पुसायचं नाही. बरोबर सिद्धता डावीकडे पूर्ण झाली की सर परत उजवीकडे यायचे, "आता बघा, ही गाडी नेमकी कुठे घसरली." पहिल्या महिन्यात त्या रेघेपलीकडे जायला सगळे घाबरत. दिवाळीपर्यंत तिथे जागा पुरेना.

आता पेठ तालुक्यातल्या रविवारांचं. तिकीट त्यांच्या खिशात कुठून आलं, ते आम्हाला वर्षभराने कळलं. महिन्यातले दोन रविवार सर पहाटेची पेठची एसटी धरायचे. सावळघाट चढून पन्नासेक किलोमीटर, पुढे मिळेल त्या जीपने. तिथल्या एका आश्रमशाळेत सातवी ते दहावीची मुलं एकत्र बसवून दोन-तीन तास गणित. अभ्यासक्रमातलं फार थोडं. मान नाही, मानधन नाही, पेपरात फोटो तर नाहीच. मी टीवायला असताना पहिल्यांदा सोबत गेले आणि पुढे सहा वर्षं जात राहिले.

पहिल्या दिवशी जे पाहिलं ते आजही जसंच्या तसं डोळ्यांपुढे आहे. सरांनी खेळ सांगितला. कोणतीही चार आकडी संख्या घ्या, फक्त चारही आकडे सारखे नकोत. तेच आकडे उतरत्या क्रमाने लिहून मोठ्यात मोठी संख्या करा, चढत्या क्रमाने लिहून लहानात लहान करा, वजाबाकी करा. जे उत्तर येईल त्याचं पुन्हा तेच. आम्ही आलो त्या गाडीचा नंबर त्यांनी फळ्यावर टाकला, ३०८७.

८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४
७६४१ − १४६७ = ६१७४

"इथे गाडी थांबली. आता तुमची गाडी कुठे थांबते बघा." साठ मुलं वजाबाक्यांवर तुटून पडली. हातच्यांची वजाबाकी, जी एरवी सक्तीने करून घ्यावी लागते, ती मुलं पाटीवर, जमिनीवर, एकमेकांच्या वहीत करत होती. एकेकजण ओरडायला लागला, "माझीपण तिथंच!"

एका मुलीची मात्र शून्यावर थांबली. ती उभी राहिली आणि म्हणाली, "माझं शून्य आलं." बाकीची मुलं हसली. सर तिच्या जवळ गेले, तिची पाटी हातात घेतली. तिने २१११ घेतले होते. २१११ − १११२ = ९९९. पुढे ९९९ − ९९९ = ०. वजाबाकी अगदी बरोबर होती.

सरांनी ती पाटी सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. "हिचं काहीही चुकलेलं नाही. नियम मी अर्धवट सांगितला. चार आकड्यांचा खेळ आहे, म्हणून ९९९ हे ०९९९ असं लिहायचं, हे सांगायला मी विसरलो. हिच्यामुळे ते कळलं." मग तिनेच पुढे केलं: ९९९० − ०९९९ = ८९९१, ९९८१ − १८९९ = ८०८२, ८८२० − ०२८८ = ८५३२, आणि ६१७४.

एवढ्या मोठ्या कॉलेजातला माणूस सातवीच्या पोरीपुढे 'चूक माझी' म्हणतो, हे त्या मुलांनी पाहिलं. मीही पाहिलं.

आता विनंती. सरांच्या दोन्ही गुडघ्यांनी दगा दिलाय आणि डॉक्टरांनी एसटीचा प्रवास पूर्ण बंद केलाय. दिवाळीपासून पेठचे रविवार बंद आहेत. मागच्या आठवड्यात भेटायला गेले तेव्हा त्यांनी मला त्यांची वही दिली. त्या वहीत प्रत्येक मुलापुढे दोन गोष्टी आहेत: शेवटचा अडलेला प्रश्न कोणता, आणि दिवाळीनंतर घरची मंडळी द्राक्षाच्या कामाला कुठल्या गावी गेली. कारण मोठ्यांबरोबर पोरंही जातात आणि शाळा सुटते. सर मग त्या गावी जायचे.

वहीत सध्या ४१ मुलं आहेत. मला महिन्यातला एक रविवार जमेल. आणखी तीन-चार जण हवेत. कोण येतं?

खडूफळा
५ जानेवारी, रात्री १०:१५

ती उभी रेघ! मी त्यांच्या हाताखाली शिकलेलो नाही, पण आमच्या सिन्नरच्या शाळेत गणिताचे एक सर तशी रेघ मारायचे. ते तुमच्या सरांचेच विद्यार्थी असणार. मी आता स्वतः आठवी-नववीला शिकवतो आणि मीही मारतो. ती कुठून आली ते आज कळलं.

जुना_देवळालीकर
५ जानेवारी, रात्री ११:०२

लसावि, फार सुंदर लिहिलंत. ६१७४ चा विषय निघाला आहे तर आमच्या देवळालीचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही.

हा खेळ शोधला तो दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. फर्ग्युसनला शिकले, तिथे असताना १९२७ साली रँग्लर परांजप्यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळवलं. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं आपल्या देवळालीत शाळामास्तर होते. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठात जागा नाही, हाताशी फक्त वही आणि पेन्सिल. ६१७४ त्यांना १९४६ मध्ये सापडला. समान आकड्यांच्या संख्या सोडल्या तर कोणतीही चार आकडी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोचते. पुष्कळ शोध त्यांनी स्वतःच लहान पुस्तिका छापून लोकांपुढे ठेवले. आपल्याकडच्या बड्या गणितज्ञांनी त्यांना फारसं मनावर घेतलं नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन' मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला देवळाली कळली. १९८६ साली ते गेले.

आणि त्यांनी गावाचं ऋण कसं फेडलं पाहा. कोणत्याही संख्येत तिच्या आकड्यांची बेरीज मिळवा: १५ मध्ये १ आणि ५ मिळवले की २१. म्हणजे २१ चा जन्म १५ पासून झाला. पण २० घ्या. कोणत्याही संख्येपासून २० तयार होत नाही. ३१, ४२, ५३ यांचंही तेच. अशा स्वयंभू संख्यांना त्यांनी नाव दिलं 'देवळाली संख्या'. गणितात आमच्या गावाच्या नावाने संख्या आहेत, हे आमच्या गावातल्या किती पोरांना माहीत आहे?

तुमचे सर आमच्या शाळेत एका १७ जानेवारीला आले होते. प्रत्येक मुलाला त्यांनी आपल्या आजी-आजोबांचं वय विचारून यायला सांगितलं होतं, त्या वयाचा 'जन्मदाता' शोधायला. माझ्या नातवाने माझं वय घेतलं. तेव्हा मी ७५ चा होतो. ७५ देवळाली संख्या आहे. पोरगं धावत घरी आलं, "आजोबा, तुम्ही देवळाली आहात!" मला त्याचा केवढा आनंद झाला ते इथे लिहून सांगता यायचं नाही.

वयामुळे पेठला येणं जमणार नाही. गाडीभाड्याचा भार माझ्याकडे लावा.

सिडकोची_आई
६ जानेवारी, सकाळी ७:२०

मी सरांकडे गेले ते वेगळ्याच कारणाने. मुलगी तेव्हा नववीत. तिला गणित ऑलिम्पियाड स्पर्धेच्या पहिल्या टप्प्याला, आयओक्यूएमला बसायचं होतं. तीन तासांत तीस प्रश्न. एका क्लासची मोठी फी भरली होती आणि तिथे तिला रोज चाळीस-चाळीस गणितांचे संच मिळत होते. पोरगी रात्री दीडपर्यंत जागायची आणि सकाळी रडायची. कुणीतरी सरांचा पत्ता दिला.

त्यांनी तिला एकच गणित दिलं. १ ते १०० मधल्या कोणत्याही ५१ संख्या निवडा. त्यांत अशा दोन संख्या असणारच की एकीने दुसरीला नि:शेष भाग जातो. का? "झालं की ये. घाई नाही."

मी मनातून चिडले होते, खरं सांगते. परीक्षा तोंडावर आणि हे एक गणित देऊन घरी पाठवतात. नऊ दिवस गेले. जेवताना, आंघोळीला जाताना, रिक्षात, सतत तेच. नवव्या दिवशी रात्री ती स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "आई, दोनाने भागत राहायचं!" प्रत्येक संख्येतून दोन-दोन काढून टाकत गेलं की शेवटी एक विषम संख्या उरते. १ ते १०० मध्ये विषम संख्या फक्त ५०. संख्या घेतल्या ५१. म्हणजे दोघींची उरलेली विषम संख्या एकच येणार, आणि मग त्यातली मोठी लहानीच्या पटीत असणार. मी कणिक मळत होते, मला निम्मंच कळलं, पण तिचा चेहरा कळला.

दुसऱ्या दिवशी सरांनी ते सगळं शांतपणे ऐकलं. शाबासकी दिली, आणि विचारलं, "५० च घेतल्या तर?" ही तिथल्या तिथे म्हणाली, ५१ ते १००, कुणीच कुणाला भागत नाही. तेव्हा सर खुर्चीतून उठून उभे राहिले. चौदा वर्षांच्या मुलीसाठी.

पुढच्या टप्प्याला तिची निवड झाली नाही. त्याचं तिला दोन दिवस वाईट वाटलं. गणित सुटलं नाही. या वर्षी ती बारावीला आहे, परीक्षा संपली की एप्रिलपासून येईल, मी पाठवते. तोवर मला काही काम असेल तर सांगा. गणित येत नाही, पण साठ जणांचे पोहे करता येतात.

तासिका
६ जानेवारी, दुपारी २:४५

सरांबद्दल आदर आहे, पूर्ण आदर आहे. मी त्यांचाच विद्यार्थी. तरीही एक गोष्ट बोलावीशी वाटते.

मी एमएस्सी आहे, सेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) पास आहे. आठ वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर शिकवतोय. एका कॉलेजात सकाळी, दुसऱ्यात दुपारी. मागच्या सत्राचं मानधन अजून हातात पडलेलं नाही. सुट्टीचे पैसे नाहीत, मे महिन्याचे तर नाहीतच. रविवारी मी खासगी शिकवण्या घेतो, त्यावर घर चालतं. सरांच्या पिढीला कायम नोकरी होती, पेन्शन आहे. त्यांनी त्यातून रविवार दिले हे थोरच आहे, पण आज गणित विभागातल्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या ठेवायच्या आणि उरलेल्या आमच्यासारख्यांकडून समर्पणाची अपेक्षा करायची, हे मला टोचतं. पेठच्या त्या शाळेला खरं तर पूर्ण वेळचा गणिताचा शिक्षक हवा. पंधरा दिवसांतून एकदा येणाऱ्या भल्या माणसांवर मुलांचं गणित उभं राहू नये.

राग मानू नका.

लसावि
६ जानेवारी, रात्री ८:१०

तासिका, राग कसला? तुम्ही लिहिलंत त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. ही विनंती तुमच्यासारख्यांच्या खांद्यावर टाकायची नव्हती, आणि ते मी पहिल्या पोस्टमध्येच लिहायला हवं होतं. ज्यांची नोकरी पक्की आहे, घर चालण्याची काळजी नाही, त्यांनी यायचं. मी बँकेत आहे, मला रविवार मोकळा असतो.

शाळेला पूर्ण वेळचा शिक्षक हवा, याबद्दल सर दरवर्षी अर्ज करत आलेत. वहीच्या मागच्या पानांवर अर्जांच्या तारखा आहेत. अकरा मोजल्या. शिक्षक येतात, वर्ष-दीड वर्षात बदली घेऊन जातात. अर्ज चालू राहतीलच, बारावा मी या आठवड्यात करतेय. पण जी मुलगी आज नववीत आहे ती जागा भरेपर्यंत नववीत थांबणार नाही.

बागाईतदार
६ जानेवारी, रात्री १०:३०

मी दिंडोरीकडचा. सरांचा विद्यार्थी, गणितात सेकंड क्लास. बीएस्सी करून बागेत आलो. लोक म्हणायचे गणित शिकून काय उपयोग झाला. मी म्हणायचो, ओळीत नऊ फूट आणि झाडांत पाच फूट अंतर ठेवलं तर एकरी ९६८ झाडं बसतात हे कागदाशिवाय सांगतो, हा उपयोग. पण ते राहू द्या.

वहीत माझ्या गावाचं नाव नक्की असणार. आमच्याकडे दर वर्षी पेठ-सुरगाण्याकडची माणसं येतात, आधी छाटणी, डिपिंग, विरळणी आणि मग काढणी. पाच-सहा वर्षांपूर्वी जानेवारीतच एका सकाळी सर बांधावर उभे दिसले. मला वाटलं मला भेटायला आले. म्हणाले, "तुझ्याकडे तिघं आहेत. एक आठवीतला आहे, त्याचं अपूर्णांकाचं काम अर्धं राहिलंय." पॅकिंगच्या शेडमध्ये क्रेट उलटे टाकून मुलं बसवली. सरांनी द्राक्षाचा एक घड घेतला. निम्मे मणी विरळणीत काढले, उरलेल्यांतले एक तृतीयांश पक्ष्यांनी खाल्ले, राहिले किती? मुलं घडावरचे मणी खरोखर मोजत होती. बाहेर त्यांच्या आया काम करत होत्या, त्यातल्या दोघी शेडच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. मी मजुरी कापली नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण सरांनी मला जाताना तेच विचारलं होतं.

त्या दिवसापर्यंत माझ्या बागेत शाळा सोडून आलेली मुलं आहेत हे मला दिसत होतं, पण मी बघत नव्हतो.

शेड तुमची. जानेवारी ते मार्च, दर रविवारी सकाळी. आजूबाजूच्या पाच-सहा बागांतली मुलं आणायची जबाबदारी माझी. फळा घेऊन ठेवतो. तासिका, तुम्ही एखादा रविवार आलात तर शिकवणीचे जे बुडतील ते पैसे मी देईन. उपकार म्हणून नाही, कामाचे म्हणून.

तासिका
६ जानेवारी, रात्री ११:५०

विचार करून कळवतो. तुम्ही असं लिहिलंत, याबद्दल आभार.

कोटंबी
८ जानेवारी, संध्याकाळी ६:०५

मी इथे फक्त वाचते, कधी लिहिलं नाही. मी त्याच आश्रमशाळेतली. पेठ तालुका. आता नर्स आहे, नाशिकलाच.

लसावि ताई, त्या दिवशी मी तिथे होते. जिचं शून्य आलं ती माझ्या शेजारी बसायची. तुम्ही लिहिलंय ते सगळं बरोबर आहे, पण एक राहिलं. सर पाटी वर धरण्याआधी तिच्या शेजारी जमिनीवर बसले होते. तिला हळूच विचारलं, "सगळ्यांना दाखवू का? तुझी हरकत नाही ना?" तिने मान हलवली तेव्हा उठले. आमच्याशी तोपर्यंत असं कुणी विचारून वागलं नव्हतं.

आणि पुढच्या वेळी सर आले तेव्हा नवीन मुलांना खेळाचा नियम त्यांनी सांगितला नाही. तिला सांगायला लावला. ती घरी डांगी बोलायची, वर्गात मराठी बोलायला लाजायची. तिने तो नियम आधी डांगीत सांगितला, मग मराठीत. सर म्हणाले, डांगीत जास्त चांगला कळतो. पुढे वर्षभर नियम तीच सांगायची.

तिचं लग्न दहावीनंतर झालं. सुरगाण्याकडे आहे. तिची मुलगी आता पाचवीत आहे आणि तीन आकड्यांचा खेळ खेळते, ४९५ वर थांबणारा. मागच्या उन्हाळ्यात भेटले तेव्हा ती पोरगी मला म्हणाली, "मावशी, मधला नऊ हलतच नाही." मी बघितलं तर खरंच, कोणतीही संख्या घेतली तरी पहिल्या वजाबाकीपासूनच मधे नऊ. का ते मला सांगता आलं नाही. कुणी सांगेल का?

रविवारी माझी ड्यूटी नसेल तेव्हा मी येईन. मला गाव माहीत आहे, माणसं ओळखतात, भाषा येते.

खडूफळा
८ जानेवारी, रात्री ९:३०

कोटंबी ताई, त्या पोरीचं निरीक्षण पक्कं आहे. मोठ्यातून लहान वजा करताना मधला आकडा दोन्हीकडे तोच असतो, म्हणून तो उडून जातो. उरतं ते पहिल्या आणि शेवटच्या आकड्याच्या फरकाची ९९ पट. आता ९९ चा पाढा म्हणा: १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४... मधे सगळीकडे नऊ. फरक एकच असेल तर ९९ येतो, तिथे शून्य लावून ०९९ लिहायचं, म्हणजे मधे पुन्हा नऊ. पण तिला हे एकदम सांगू नका. फक्त ९९ चा पाढा लिहायला सांगा, आणि थांबा.

मी दुसरा आणि चौथा रविवार घेतो. सिन्नरहून दिंडोरी लांब नाही. वहीतल्या अडलेल्या प्रश्नांचे फोटो पाठवाल का?

जुना_देवळालीकर
९ जानेवारी, सकाळी ८:००

वाचताना डोळे भरून आले. कोटंबी, बाळा, तुझ्या मैत्रिणीच्या मुलीला दहा-बारा पाट्या आणि खडूचे खोके पाठवायचे आहेत. कुणाबरोबर पाठवू ते कळव.

लसावि
१८ जानेवारी, रात्री ९:१५

आज पहिला रविवार झाला. थोडक्यात लिहिते, पाय दुखतायत.

शेडमध्ये १९ मुलं आली. वहीतली सात, बाकी नवीन. खडूफळा सरांची पाळी नव्हती तरी ते आले. सिडकोच्या आईंनी दोन मोठे डबे पोहे पाठवले, ते दहा मिनिटांत संपले. तासिका सकाळी सव्वानऊला मोटारसायकलवरून आले, संध्याकाळच्या शिकवणीपर्यंत थांबले. पैशांचं त्यांचं आणि बागाईतदारांचं काय ठरलं ते मी विचारलं नाही. फळ्यावर उभी रेघ त्यांनीच मारली.

काल कापरेकरांचा जन्मदिवस होता, म्हणून सुरुवात ६१७४ ने केली. नियम कोटंबीने सांगितला, डांगीत आणि मग मराठीत. आठवीतल्या एका मुलाला चार आकडे फार सोपे वाटले, त्याने परस्पर पाच आकडे घेतले. थोड्या वेळाने तो वैतागून आला. त्याचं ५३९५५ वरून ५९९९४ येत होतं आणि ५९९९४ वरून परत ५३९५५. "हे थांबतच नाही. दोन गावांतच फेऱ्या मारतंय." रेघेच्या उजवीकडे त्याने ते लिहिलं. बाकीच्यांना वाटलं त्याची वजाबाकी चुकली, म्हणून सगळ्यांनी आपापल्या पाच आकडी संख्या घेतल्या. कुणाची दोन गावांत फिरू लागली, कुणाची चार. एकाही मुलाची एका जागी थांबली नाही. साडेबारा वाजले तरी कुणी उठेना, शेवटी बागाईतदारांनी क्रेट हवेत म्हणून उठवलं.

निघताना तोच मुलगा माझ्यामागे आला. "ताई, मग सहा आकड्यांचं काय होतं?"

घरी येताना सरांकडे गेले. उशीला टेकून बसले होते. सगळं सांगितलं, कोण आलं, कोण नाही, वहीत काय लिहिलं. पाच आकड्यांवर त्यांनी दोनदा "पुन्हा सांग" म्हटलं. मग मी त्या मुलाचा शेवटचा प्रश्न सांगितला.

सर म्हणाले, "सहाचं सांगितलं नाहीस ना?"

नाही म्हटलं.

"बरं केलंस. वहीत लिही, त्याच्या नावापुढे."